वाघदेवापलीकडचं उपनगर

"दिवाळीच्या आत तुझ्या मोरीत नळ येणार! नाही आला तर काशीनाथ चुरी नाव लावणार नाही!"

काशीनाथने हे ठणकावून सांगितलं तेव्हा नयना डोक्यावरचा हंडा उतरवत होती. हंडा खाली ठेवून तिने पदराने मान पुसली आणि म्हणाली, "मग दुसरं नाव शोधून ठेवा."

बिचारीचा उजवा खांदा धरला होता. वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग पाणी कोणी उचलायचं, हे काही त्यांनी सांगितलं नव्हतं. काशीनाथने उचललं असतं, नाही असं नाही. पण तो आता पूर्वीचा ग्रामपंचायतीचा कारकून राहिला नव्हता. तो शहरातला अधिकारी-माणूस झाला होता, आणि अशा माणसाने भर रस्त्याने हंडा वाहायचा म्हणजे काय शोभा! शिवाय नळ तर येणारच होता. गेली कितीतरी वर्षं तो येणारच होता.

आता हे शहर कुठून आलं, ते सांगायला हवं. डहाणू आणि तलासरीच्या मधे उंबरवाडी नावाचं गाव. एक बाजारपेठ, एक शाळा, एक आठवडी बाजार आणि चिकूच्या वाड्या. पालघर वेगळा जिल्हा झाला, सगळीकडे उलथापालथ झाली आणि त्या धामधुमीत उंबरवाडीची नगरपंचायत होऊन बसली. गावात झोपलेली माणसं सकाळी उठली ती शहरात! ऑफिसात काशीनाथची खुर्ची तीच राहिली, तिचा लटपटणारा पायही तोच, डोक्यावर करकरणारा पंखाही तोच. बदललं एवढंच, की काम दुप्पट झालं आणि दर आठवड्याला वरून नवीन काहीतरी मागवायला लागले. काशीनाथ पार थकून गेला होता.

पण एका गोष्टीने तो हरखलाही होता. बाजारपेठेला सगळे 'मध्य शहर' म्हणायला लागले होते. मग पेठेपासून लांब, कैनाडच्या रस्त्याला त्याने बांधलेलं घर, ज्याला पाहुणे "कुठे रानात येऊन पडलास रे," म्हणून नावं ठेवायचे, ते आपोआप उपनगरात गेलं! कोणी पत्ता विचारला की काशीनाथ चष्मा पुसत सांगायचा, "आम्ही उपनगरात असतो."

या उपनगरात घरं होती दोन. एक काशीनाथचं आणि दुसरं हिराबाईचं. हिराबाई ही शेजारची वारली म्हातारी. तिच्या वाडीतल्या विहिरीवरून नयना पाणी आणायची, आणि त्या विहिरीची चढण अशी, की धडधाकट माणसाचाही श्वास फुलावा. आपण आता उपनगरात राहतो, ही बातमी काशीनाथने हिराबाईला दिली तेव्हा ती म्हणाली, "बरं." आणि कोंबड्या हुसकायला निघून गेली.

तर नळाचं प्रकरण असं होतं. नगरपंचायतीने पाइपलाइन मंजूर केली होती. ती पेठेतून निघून कैनाडच्या रस्त्याने शहराच्या हद्दीपर्यंत जाणार आणि हद्दीवर तिच्या शेवटाला सार्वजनिक नळ बसणार. हद्द होती ओहोळावरच्या पुलाशी. काशीनाथचं घर पुलाच्या अलीकडे. म्हणजे पाइप त्याच्या दारावरूनच जाणार, आणि हद्दीच्या आतल्या घराला घरगुती नळ मिळणार. यात कुठे पाचर बसेल, असं कोणाला स्वप्नातही वाटलं नसतं.

पाचर काशीनाथने स्वतःच्या हाताने मारली!

झालं असं, की शहर झालं म्हटल्यावर हद्दीवर स्वागताचा बोर्ड हवा. निळ्या रंगाचा, दोन लोखंडी खांबांवरचा मोठा बोर्ड तयार होऊन आला. येताना वाचायला 'उंबरवाडी नगरपंचायत आपले सहर्ष स्वागत करीत आहे', आणि मागच्या बाजूला, जाताना वाचायला, 'धन्यवाद! पुन्हा भेट द्या'. मुख्याधिकारी मॅडमनी तो उभारायचं काम काशीनाथवर सोपवलं. मॅडम विदर्भातून नवीनच आलेल्या, तरुण, हुशार, आणि दर तासाला व्हॉट्सअ‍ॅपवर 'प्रगती?' असं विचारणाऱ्या.

खरं तर काशीनाथने सोबत जायला हवं होतं. पण ऑक्टोबरचं ऊन असं तापलं होतं, की ऑफिसच्या पायरीवर पाय ठेवला तरी चटका बसावा. त्यात नुकताच चहा आलेला आणि चहाबरोबर गरम फाफडा. त्याने खुर्चीतूनच रोजंदारीवरच्या लहान्या आणि धाकल्याला फर्मान सोडलं.

"कैनाडच्या रस्त्याला जायचं. हद्दीवर बोर्ड उभा करायचा. हद्द ठाऊक आहे ना?"

"हद्द नाय ठाऊक?" लहान्या हसला. "साहेब, आमच्या आज्यापासून ठाऊक हाय."

"मग झालं तर! फोटो पाठव."

दुपारी धाकल्याच्या मोबाइलवरून फोटो आला. नेटवर्क असं, की फोटोच्या जागी नुसतं गोल चाक फिरत राहिलं. तेवढ्यात मॅडमचं 'प्रगती?' आलं. काशीनाथने ते फिरणारं चाकच तसंच्या तसं मॅडमना पुढे ढकललं आणि खाली लिहिलं, 'हद्दीवर फलक उभारणी पूर्ण. लोकसहभाग उत्तम.' लोकसहभाग हा शब्द वरच्यांना फार आवडतो, हे त्याला नोकरीत पहिल्यांदा कळलेलं आणि आजवर उपयोगी पडत आलेलं ज्ञान होतं.

संध्याकाळी तो स्कूटरवरून घरी निघाला. दिवसभर मान मोडून काम केलेलं, डोळ्यांवर झापड. पेठ संपली, चिकूची वाडी संपली, आणि रस्त्याच्या कडेला मोठ्या अक्षरांत कोणीतरी त्याला म्हणालं, 'धन्यवाद! पुन्हा भेट द्या'.

काशीनाथला फार बरं वाटलं. चला, इतक्या वर्षांच्या नोकरीत निदान कोणीतरी धन्यवाद तरी म्हणालं! असं मनात घोळवत तो थोडा पुढे गेला आणि त्याने कचकन ब्रेक दाबला.

त्याचं घर अजून पुढे होतं!

वळून बघतो तर काय, बोर्ड वाघदेवाशेजारी उभा. रस्त्याच्या कडेला, उघड्यावर, वाघ आणि चंद्र-सूर्य कोरलेला हा लाकडी वाघदेव कधीपासून उभा होता, कोणी सांगू शकत नव्हतं. पाड्यांची जुनी शीव तिथे. वाघ तिथवर यायचा, त्यापुढे यायचा नाही, असा त्याच्याशी जुना करार. नगरपंचायतीची हद्द त्याच्या पुढे पुलापर्यंत गेली होती खरी, पण ती सरकारी नकाशात. लहान्याला हद्द विचारली, त्याने हद्दीवर बोर्ड लावला. काशीनाथचं उपनगर मात्र पलीकडे पडलं!

घरी नयना ओट्यावर खांद्याला तेल चोळत बसली होती.

"अहो, बोर्ड बघितलात? आपण बाहेर गेलो वाटतं."

"काही बाहेर गेलो नाही! दोन खांब तर आहेत. उद्या उपटून पुलाशी लावतो."

"बरं," नयना म्हणाली. हिराबाईच्या शेजारात राहून तिलाही हे 'बरं' नीट जमायला लागलं होतं.

सकाळी काशीनाथ लहान्याला स्कूटरवर मागे बसवून घेऊनच आला. काल तिन्हीसांजेला नजरेतून सुटलं होतं, पण बोर्डाच्या दोन्ही खांबांना शेंदूर! खाली फुटलेला नारळ, वर झेंडूची माळ, आणि समोर हिराबाई काठी टेकून उभी.

"लहान्या, हे काय रे?"

"देवाच्या अंगाला खड्डा खणला, साहेब. नारळ नाय फोडायचा?"

"आता काढ ते खांब."

लहान्याने दोन पावलं मागे घेतली. "मी नाय काढायचा."

"मी सांगतोय ना!"

"तुमी सांगा. पण मी नाय काढायचा."

हिराबाई पुढे आली. "काशीनाथ, वाघबारस आली तोंडावर. देवाशी लावलेली वस्तू आता कोन हलवंल? लय दिवस देव उन्हात उभा होता. या पाट्याची सावली पडते त्याच्यावर. राहू दे."

"अहो हिराबाई, पण त्यामुळे तुम्ही शहराबाहेर जाता!"

"मी कदी आत होते?" म्हातारीने विचारलं.

वाद घालण्यात अर्थ नव्हता. वाघबारस म्हणजे दिवाळीची सुरुवात. तेवढे दिवस दम धरायचा, मग भगताला विचारून खांब हलवायचे, असं काशीनाथने मनाशी ठरवलं. पण तो दम धरून बसला म्हणून बाकीचे थोडेच थांबणार होते!

पहिला दगा घंटागाडीने दिला. नविन नावाचा गाडीचा ड्रायव्हर रोज काशीनाथच्या दारापर्यंत यायचा. बोर्ड बघितल्यापासून तो तिथूनच गाडी वळवायला लागला.

"अरे नविन, माझं घर पुढे आहे!"

"साहेब, बोर्डाच्या बाहेर गाडी नेली तर मला मेमो मिळेल. तुम्हीच द्याल."

हे खरं होतं. मेमो काशीनाथच देत असे.

मग आले पाइपलाइनचे कंत्राटदार ललितभाई. खणत खणत त्यांची माणसं वाघदेवापर्यंत आली आणि टिकाव टाकून बिड्या ओढत बसली. काशीनाथ ऑफिस सोडून धावत गेला.

"ललितभाई, थांबलात का? पुढे चला!"

"जुओ, बघा काशीनाथभाई," ललितभाई शांतपणे छत्री सावरत म्हणाले, "आपला काम हद्दपर्यंत. हद्दचा बोर्ड हा इथे हाय. आता तुम्हीच सांगा, बोर्ड कोणी लावला?"

"मी लावला. पण तो चुकीचा लागलाय!"

"तर मॅडमकडून तसा लिहून आणा. मी पाइप पार गुजरातपर्यंत नेतो ना! मला काय?"

आता मॅडमकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. काशीनाथने मनात सगळी तयारी केली. मॅडम, जरा घोळ झाला. मॅडम, मी स्वतः गेलो नव्हतो. मॅडम, ऊन फार होतं. फाफड्याचा उल्लेख टाळायचा.

तो दारातून आत शिरला मात्र, मॅडम खुर्चीतून उठून उभ्याच राहिल्या!

"या चुरीसाहेब, या! कमाल केलीत तुम्ही!"

काशीनाथने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"तुमचा तो फोटो माझ्याकडे उघडला, तसा मी वर जिल्ह्याच्या साहेबांना पाठवला. सरकारी फलकाला गावकऱ्यांनी शेंदूर लावला, हार घातला! साहेब इतके खूश झालेत, म्हणाले, लोकसहभाग असावा तर असा! वाघबारशीला ते स्वतः बघायला येणार आहेत. नळाचं उद्घाटनही तेव्हाच करून टाकू. तुम्हाला काही बोलायचं होतं?"

काशीनाथने तोंड उघडलं. इतक्या वर्षांत त्याच्यासाठी कोणी साहेब खुर्चीतून उठला नव्हता. त्याने तोंड मिटलं.

"काही नाही मॅडम. ऊन फार आहे, एवढंच म्हणायचं होतं."

घरी येऊन त्याने हे नयनाला सांगितलं. तिने काही आदळआपट केली नाही. नुसती रिकामी कळशी उचलून विहिरीकडे चालायला लागली. भांडली असती तर बरं झालं असतं, असं काशीनाथला वाटलं.

शेवटचा उपाय म्हणून तो पुलापलीकडच्या ग्रामपंचायतीत गेला. आयुष्यभर ग्रामपंचायतीत काढलेला माणूस, तिथे तरी कोणी ओळख देईल! सरपंच मुक्ताताई मुलाला मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"चुरीभाऊ, पानी द्यायला माझी ना नाय. पण आमची हद्द पुलाला संपते. तुमचं घर पुलाच्या तिकडं."

"पण नगरपंचायत वाघदेवाशी संपते!"

"मग मधी तुमी कुनाचे?"

वाघदेवापासून पुलापर्यंतच्या पट्ट्याचा धनी कोण, याचा शोध घेतला तर फक्त काशीनाथ, नयना, हिराबाई आणि तिच्या कोंबड्या निघत होत्या. मुक्ताताईंनी त्याला चहा पाजला. शहरातून आलेला पाहुणा म्हणून कपबशीत पाजला.

वाघबारस उजाडली. वाघदेवासमोर पाड्यापाड्यांतून माणसं आली. नारळ फुटले, कोंबडे आले, तारपा वाजायला लागला. त्याच गर्दीत नगरपंचायतीचा मंडप, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि नवाकोरा, चकाकणारा सार्वजनिक नळ. पाइपलाइन इथे संपली होती, म्हणून नळही इथेच. बोर्डाच्या खांबाला अगदी टेकून!

साहेब आले, गाडीतून उतरले, बोर्डाकडे बघून प्रसन्न हसले. मॅडमनी काशीनाथला पुढे केलं. "सर, हेच ते चुरी."

"वा, चुरी! हीच ना तुमच्या शहराची हद्द?"

काशीनाथने समोर पाहिलं. बायकांच्या घोळक्यात नयना उभी होती. पहिला हंडा सुवासिनीने भरायचा म्हणून मॅडमनीच तिला बोलावलं होतं. चांगली साडी नेसली होती, आणि तिचा डावा हात सारखा उजव्या खांद्याकडे जात होता. जाऊ दे ती नोकरी, जाऊ दे ते कौतुक, असं त्याला एकदाचं मनापासून वाटलं.

"नाही साहेब," तो म्हणाला. "हद्द पुढे आहे, पुलाशी. बोर्ड चुकून इथे लागला. चूक माझी आहे. मी बघायला आलो नव्हतो. माझं घर पुढे आहे साहेब, पाइप तिथपर्यंत न्यायला हवा."

मॅडमचा चेहरा पडला. ललितभाईंनी छत्री तोंडासमोर धरली. साहेब मात्र खो खो हसत सुटले. काशीनाथच्या पाठीवर थाप मारून ते मोठ्याने म्हणाले, "बघा! याला म्हणतात दृष्टी! शहर हे वाढतच असतं! पुढचा भाग आपण पुढच्या टप्प्यात नक्की घेऊ!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काशीनाथनेही वाजवल्या, सवयीने. पुढचा टप्पा म्हणजे काय, हे त्याच्याइतकं तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याने स्वतः लोकांना आयुष्यभर तेच उत्तर दिलं होतं.

मग फीत कापली गेली. साहेबांनी नळ सोडला. आधी नुसती फुसफुस झाली, मग गढूळ, मग चांगलं स्वच्छ पाणी आलं. हिराबाईने ओंजळ भरून आधी वाघदेवाच्या पायाशी घातली, मग स्वतः प्यायली आणि म्हणाली, "बरं हाय." नयनाने हंडा भरला. फोटो निघाले. साहेब जेवायला विवळवेढ्याकडे निघून गेले, त्यांच्यामागे मॅडम, मॅडममागे ललितभाई, आणि खुर्च्याही भराभर टेम्पोत चढल्या.

मंडपात उरली नयना आणि तो भरलेला हंडा.

ती वाकली. हंडा उचलायला गेली आणि खांद्यातून कळ आली तशी तोंड वाकडं करून तिथेच थांबली. तिने आजूबाजूला बघितलंही नाही. मदतीला कोणी येईल, ही आशाच तिने केव्हाची सोडली होती. दमून गेलेलं माणूस जसं दुसऱ्यांदा वाकतं, तशी ती पुन्हा वाकली.

"थांब," काशीनाथ म्हणाला.

त्याने इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर सरकवल्या, हंडा उचलला आणि खांद्यावर घेतला. पहिल्या झटक्यातच पाणी हिंदकळून त्याच्या कॉलरमध्ये शिरलं. तारपा वाजत होता, अर्धा गाव उभा होता. नगरपंचायतीचे चुरीसाहेब खांद्यावर हंडा घेऊन भर रस्त्याने निघाले! लहान्या आ वासून बघत राहिला. घंटागाडी वळवता वळवता नविनने हॉर्न दिला आणि बोर्डाकडे बोट दाखवून ओरडला, "साहेब, पुन्हा भेट द्या!"

"देतो! संध्याकाळी देतो!" काशीनाथने हंडा सावरत उत्तर दिलं. संध्याकाळचं पाणीही भरायचं होतंच.

मागून नयना चालत होती. रिकाम्या हातांनी. किती वर्षांनी ती या रस्त्याने रिकाम्या हातांनी चालत होती कोणास ठाऊक! तिला हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून तिने ते पदरात गुंडाळून घेतले. घर येईपर्यंत ती एकदाही हसली नाही, पण तिची चाल मात्र सैल झाली होती.

काशीनाथने मोरीत हंडा ठेवला. पाठ सरळ करताना कमरेतून असा आवाज आला, की बाहेर हिराबाईच्या कोंबड्या दचकल्या. शर्ट चिंब, चष्म्यावर पाणी, आणि हंड्यात जेमतेम पाऊण. तरीही तो दाराची चौकट धरून, धापा टाकत, जुन्याच रुबाबात म्हणाला, "बघ! दिवाळीच्या आत पाणी आलं की नाही मोरीत? शब्द म्हणजे शब्द!"

नयनाने हंड्यात डोकावून पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, नगरपंचायतीच्या खिडकीशी उभं राहून लोक बघतात तसं.

"आलं खरं," ती म्हणाली. "पण प्रेशर कमी आहे तुमचं. आणि उद्यापासून जरा लवकर सोडत जा."